वजनाचे चाळीस सेकंद

आमच्या क्लबच्या नियमावलीत अकरावा नियम असा आहे : ‘वक्त्याचा पहिला शब्द किंवा पहिली हेतुपूर्वक कृती, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून वेळ मोजावी.’ हा नियम मला पाठ आहे. तो मी शेतात पाळला नाही आणि सभागृहात पाळला. पुढचं सगळं त्यातून झालं. त्यातला किती राग स्वतःवर काढायचा आणि किती रविराज सरांवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

क्लबचं नाव सुसंवाद. दर रविवारी सकाळी दहा वाजता गंगापूर रोडवर, क्लब चालवणाऱ्या रविराज सरांच्या क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही बावीस जण जमतो आणि भाषण करायला शिकतो. मी एका प्रयोगशाळेत द्राक्षांमधले औषधांचे अंश तपासते. दोन वर्षांपूर्वी एका बागाईतदाराचा नमुना नापास का झाला, हे त्याला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. ‘नमस्कार’ म्हणाले आणि पुढे तोंडातून शब्दच निघेना. मग माझ्या वरिष्ठांनी समजावलं. चुकीचं समजावलं. ते चुकीचं आहे हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं आणि मी पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले. म्हणून क्लब.

पण क्लबात आल्यावर मी भाषणं करायची सोडून वेळाधिकारी झाले. हे काम कोणाला नको असतं. वक्ता उभा राहिला की स्टॉपवॉच चालू करायचं, पाच मिनिटांना हिरवं कार्ड दाखवायचं, सहाला पिवळं, सातला लाल. लाल कार्डानंतर तीस सेकंद सवलत. त्यापुढे गेला तर वक्ता बाद. सभेच्या सुरुवातीला वेळाधिकारी उभा राहून हे नियम समजावतो आणि शेवटी उभा राहून कोणी किती वेळ घेतला ते वाचतो. पहिल्यांदा मी सेकंदांचे शतांशही वाचले. चार मिनिटं लागली.

“वेळाधिकाऱ्यालाच लाल कार्ड दाखवा रे कोणीतरी,” रोहित म्हणाला. रोहित म्हणजे रविराज सरांचा पुतण्या.

“तिला कोण दाखवणार?” सर म्हणाले. “कार्डं तिच्याच हातात.”

सगळे हसले. मीही हसले.

उज्वलाताई क्लबात आल्या त्या गेल्या दिवाळीनंतर. मखमलाबादला त्यांची झेंडूची आणि गुलाबाची शेती आहे. रोज पहाटे फुलं काढून त्या नदीकाठच्या बाजारात येतात. तो बाजार तिथून उठवून शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायचं ठरत होतं. त्याबद्दलच्या बैठकीत ताई बोलायला उभ्या राहिल्या. टेबलामागच्या माणसाने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “बाई, मुद्द्याचं बोला.” मुद्दा म्हणजे नक्की काय, हे कळायच्या आत त्यांना खाली बसवलं गेलं.

“मला मुद्दा शिकव,” पहिल्याच रविवारी त्या मला म्हणाल्या. बाकी कोणाकडे न जाता माझ्याकडेच आल्या, कारण माझ्या हातात घड्याळ होतं. “त्यांना सात मिंटात लागतो ना? मग सात मिंटात बसवून दे.”

त्यांना क्लबची स्पर्धा जिंकायची होती, आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. जिंकणाऱ्याला वार्षिक दिनाच्या व्यासपीठावर सात मिनिटं मिळतात. यंदाच्या वार्षिक दिनाला पाहुणे म्हणून जे अधिकारी येणार होते, बाजाराची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. ताईंना प्रमाणपत्र नको होतं. त्या माणसासमोरची सात मिनिटं हवी होती, आणि मधे कोणी घड्याळ बघून खाली बसवू नये एवढं.

दीड महिना मी दर शनिवारी इंदिरानगरहून दोन बस बदलून मखमलाबादला जात होते. झेंडूच्या वाफ्याच्या कडेला ताई उभ्या राहायच्या. मी फुलांच्या उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या कॅरेटवर बसायचे. त्यांच्या सासूबाई, ठमाबाई, फुलं निवडता निवडता शेरे मारायच्या.

“हिला बोलायला शिकवायला लागतं व्हय? घरी ये म्हणावं घड्याळ घिऊन.”

“आत्या, गप बसा, वेळ चालू हाय.”

आधी भाषण अकरा मिनिटांचं होतं. शेडला सावली नाही, पाणी नाही, पहिली बस साडेसहाची, हारवाल्यांना फुलं पाचला लागतात, सगळं त्यात होतं आणि एकावर एक ढीग लागला होता. मी विचारलं, शेडमध्ये फूल सुकतं म्हणजे किती सुकतं?

“लय सुकतं.”

“लय म्हणजे किती?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आता ते कुणी मोजलंय?”

मी मोजलं. सकाळी सहा वाजता बरोबर एक किलो झेंडू घेतला, आमच्या गच्चीवर पत्र्याखाली ठेवला आणि दर तासाला वजन करत गेले. तीन दिवस. अकरा वाजेपर्यंत एक किलोचे आठशे ऐंशीच्या आसपास होत होते. तो कागद ताईंनी दोनदा वाचून घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला, आणि मला एकदम सुचलं की हे सांगायचं कशाला, करूनच दाखवायचं. व्यासपीठावर यायचं, एक शब्द न बोलता काटा टेबलावर ठेवायचा, सकाळपासून पत्र्याखाली ठेवलेली फुलं ओतायची, आकडा लोकांकडे वळवायचा. मग पहिलं वाक्य : “सकाळी सहाला हा एक किलो होता.”

कल्पना माझी होती, हे नोंदवून ठेवते.

काटा मात्र बाजारात असायचा. शेतातल्या तालमीत ताई म्हणायच्या, “समज केलं वजन,” आणि बोलायला लागायच्या, आणि मी तिथून घड्याळ चालू करायचे. सात मिनिटं एक सेकंद. सहा अठ्ठावन्न. सात दोन. मला फार अभिमान वाटत होता. प्रयोगशाळेत रोज सकाळी काट्याचा शून्य तपासल्याशिवाय मी नमुन्याला हात लावत नाही, आणि इथे दीड महिना शून्य कुठे आहे हे मी एकदाही बघितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी तिघेच वक्ते होते. पहिले किशोरकाका. वीज मंडळातून निवृत्त, विषय सकाळचं चालणं. सहा मिनिटं दहा सेकंद. टाळ्या पडल्या त्या संपल्याच्या.

दुसरा रोहित. तो व्यासपीठावर आला, उभा राहिला, चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला, परत घातला, डावीकडून उजवीकडे सगळ्यांकडे बघितलं. चष्म्याला हात गेला तेव्हा मी घड्याळ चालू केलं होतं. ही नाटकी सुरुवात रविराज सर स्वतःच्या क्लासात शिकवतात, मी ती पाहिली आहे, तेव्हा ती हेतुपूर्वक नव्हती असं कोणी म्हणू नये. पहिला शब्द आला तेव्हा सवयीने लॅपचं, मधली वेळ नोंदवणारं बटण दाबलं : चौदा सेकंद. एकूण सात अडतीस. आठ सेकंदांनी बाद.

मग उज्वलाताई. निळी साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा ठेवला आणि माझ्या अंगठ्याने घड्याळ चालू केलं.

त्या क्षणी मला कळलं. शेतात हा वेळ मी कधी धरलाच नव्हता. त्या काट्याचं बटण दाबत होत्या, आकडे शून्यावर यायची वाट बघत होत्या, फुलं अलगद ओतत होत्या, कारण मीच सांगितलं होतं की घाई करू नका, लोकांना बघू द्या. सभागृहात पहिल्यांदाच कोणी मोबाईल बघत नव्हतं. लाल आकडा थरथरला आणि थांबला. आठशे शहाऐंशी. ताईंनी काटा वळवला. लॅप : चाळीस सेकंद.

“सकाळी सहाला हा एक किलो होता. हे एकशे चौदा ग्रॅम कुठं गेलं? कुणी खाल्लं नाय, कुणी चोरलं नाय. पत्र्यानं नेलं.”

मी इतकं चांगलं भाषण या क्लबात ऐकलेलं नाही. हिरवं कार्ड दाखवलं तेव्हा त्या जरा थबकल्या. पिवळं दाखवलं तेव्हा कपाळावर आठी आली. तालमीत लाल कार्डाला त्यांचं फार तर एक वाक्य उरलेलं असायचं. आज लाल कार्ड वर गेलं तेव्हा शेवटचा अख्खा परिच्छेद बाकी होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आपल्या माणसाने ऐनवेळी हात सोडला की कसं बघतील, तसं. आणि मग त्या थांबल्या नाहीत, घाईही केली नाही, पूर्ण बोलल्या. सात एकेचाळीस.

परीक्षकांचे कागद घेऊन सर आतल्या खोलीत बसले होते. मी वेळेची चिठ्ठी दिली. टेबलावर गुणांच्या बेरजा उघड्याच होत्या : उज्वलाताई दोनशे एकाहत्तर, रोहित दोनशे चोपन्न, किशोरकाका एकशे अठ्ठ्याण्णव.

सरांनी चिठ्ठी वाचली. “रोहितचं सात अडतीस कसं?”

“चष्मा पुसला तिथून धरलं.”

“अगं, चष्मा तो दिवसातून पन्नास वेळा पुसतो. ती काय कृती आहे? शब्दापासून धर. किती येतं?”

“सात चोवीस.”

“मग तेच लिही. सात चोवीस, पात्र.”

“मग उज्वलाताईंचंही शब्दापासून धरते. सात एक.”

सर हसले. त्यांचं हसणं क्लासच्या फलकावर असतं तसंच असतं. “काटा मांडून फुलं ओतणं ही कृती आहे, मॅडम. उघड कृती आहे. विज्ञानवाली ना तू?”

“सर, एकतर दोघांचं शब्दापासून किंवा दोघांचं कृतीपासून. दोन वक्त्यांना दोन शून्य लावता येत नाहीत. तुम्ही कोणतं ते सांगा, मी तेच लिहिते.”

त्यांनी टेबलावरच्या बेरजांकडे बघितलं. हिशेब सोपा होता आणि त्यांनी तो माझ्यासमोरच केला. दोघांचं शब्दापासून धरलं तर उज्वलाताई पहिल्या. दोघांचं कृतीपासून धरलं तर दोघंही बाद आणि किशोरकाका विजेते.

मला वाटलं, पुतण्यासाठी हा माणूस काहीतरी शोधेल. पण त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, “ठीक आहे. नियम म्हणजे नियम. दोघंही बाद.”

“रोहितसुद्धा?”

“रोहित पुढच्या वर्षी करेल.” ते लिहीतच होते. “सुवर्णा, तो वार्षिक दिन आहे, मोर्चा नाही. ज्या पाहुण्यांनी सभागृह फुकट मिळवून दिलं त्यांच्यासमोर कोणी फुलं सुकली म्हणून रडायचं, हे बरं दिसतं का? किशोरकाका चालण्याबद्दल बोलतील. प्रसन्न विषय आहे.”

म्हणजे अकरावा नियम त्यांना हवा होताच. फक्त पुतण्यासकट हवा नव्हता. तेही चालेल म्हणाले. आणि तो नियम त्यांच्या हातात मी दिला होता, लॅपसकट, दोन्ही आकड्यांसकट, स्वच्छ अक्षरात.

मला तेव्हा बोलता आलं असतं. इतके महिने त्याच कामासाठी मी तिथे येत होते. मी ‘हो सर’ म्हणाले नाही, एवढंच. बाहेर येऊन अहवाल वाचला. किशोर सहा दहा, पात्र. रोहित सात अडतीस, बाद. उज्वला सात एकेचाळीस, बाद. आवाज कापला नाही. आकडे वाचताना माझा आवाज कधीच कापत नाही.

किशोरकाका पेढा हातात घेऊन अवघडून उभे होते. “मला तर बाथरूमला जायचं होतं म्हणून लवकर आवरलं गं,” ते मला हळूच म्हणाले.

उज्वलाताई खाली पार्किंगमध्ये छोट्या टेम्पोत पिशवी ठेवत होत्या. मी सगळं सांगितलं. खोलीतलं संभाषण, बेरजा, सरांचं वाक्य. आणि शेतातल्या घड्याळाचंही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तो तर परका माणूस हाय,” त्या म्हणाल्या. “त्याचं काय घिऊन बसलीस. तू शेतात एक घड्याळ लावलं आन् हितं एक. दीड महिना माझ्या वाफ्यावर बसलीस, आत्याचं बोलणं खाल्लं, भाकरी खाल्ली. चाळीस सेकंद तुला दिसले नाय?”

“नाही दिसले.”

“मोजायचंच काम करतीस ना तू?”

त्यांनी टेम्पोचं फाळकं लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तो आठवडा मी रागात काढला. प्रयोगशाळेत एक नमुना तीनदा तपासला. घरी आईने भाजीत मीठ जास्त झालंय का विचारलं तर मी किती ग्रॅम टाकलंस म्हणून भांडले. रात्री नियमावली काढून पहिल्यापासून वाचली. मला एखादी चूक हवी होती, सरांची. तशी सापडली नाही. विसावा नियम मात्र दोनदा वाचला : ‘नेमून दिलेली भूमिका पार पाडणे शक्य नसल्यास सभासदाने स्वतः बदली सभासद शोधून गटावर कळवावे.’ आणि तेरावा : ‘वेळाधिकारी वगळता प्रत्येक भूमिकेस वेळेची मर्यादा राहील.’

वेळाधिकारी वगळता. कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलं होतं, कारण वेळाधिकारी काय बोलणार.

शनिवारी मी मखमलाबादला गेले. ताई वाफ्यात होत्या. वर बघितलं आणि परत फुलं खुडायला लागल्या. मी बांधावर उभी राहून दोन्ही नियम वाचून दाखवले. ठमाबाईंनीच आधी मान वर केली.

“म्हंजी तिला कुणी खाली बसवायचं नाय?”

“नियमात तशी सोय नाही, आजी.”

“आन् घड्याळ?” ताईंनी विचारलं.

“तुमच्याकडे. कार्डंही तुमच्याकडे.”

त्यांनी हातातली फुलं टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, “करते. तुझ्यासाठी नाय करत, हे ध्यानात ठेव.”

“ठेवते.”

त्या संध्याकाळी मी गटावर लिहिलं : ‘वार्षिक दिनी मला वेळाधिकारी म्हणून काम करणं शक्य नाही. माझ्या जागी उज्वलाताई.’ चार मिनिटांत रविराज सरांचा अंगठा आला. त्यांनी विचारही केला नसणार. बाद झालेल्या बाईला काहीतरी काम मिळालं, बरंच झालं.

वार्षिक दिनाला सभागृह भरलेलं होतं. पाहुणे पहिल्या रांगेत मधोमध, मोबाईल उलटा मांडीवर. सरांनी स्वागत केलं, किशोरकाकांची ओळख करून दिली आणि म्हणाले, “त्याआधी आपल्या वेळाधिकारी त्यांची भूमिका थोडक्यात समजावून सांगतील.”

उज्वलाताई उठल्या. निळीच साडी. तीन कार्डं कमरेला खोचलेली. हातात कापडी पिशवी. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते आणि माझ्या मुठीत माझं स्वतःचं, जुनं स्टॉपवॉच होतं.

त्यांनी काटा टेबलावर ठेवला. मी बटण दाबलं.

सर रांगेच्या टोकाला उभे होते. त्यांचं हसू गेलं नाही, फक्त हललं नाही. ताईंनी आकडे शून्यावर येईपर्यंत वाट बघितली. फुलं ओतली. काटा वळवला, सगळ्यांकडे नव्हे, पहिल्या रांगेच्या मधोमध. आठशे एकोणऐंशी. लॅप : बेचाळीस सेकंद.

“माझं काम वेळ सांगायचं,” त्या म्हणाल्या. “तर मी झेंडूची वेळ सांगते. सकाळी सहाला हा एक किलो होता.”

पाहुण्यांनी मोबाईल मांडीवरून उचलला, बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि आकडा वाचायला पुढे वाकले. त्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही. फाईलचं काय होणार तेही नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला, “काटा बरोबर आहे का?” आणि ताईंनी पिशवीतून एक किलोचं माप काढून क्षणभर काट्यावर ठेवून दाखवलं. हे मी शिकवलं नव्हतं.

पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड कोणी दाखवलं नाही. सहाव्या मिनिटाला पिवळं नाही. या वेळी त्या थबकल्या नाहीत, आठी घातली नाही, शेवटचा परिच्छेद आला तेव्हा तो सावकाश बोलल्या. सर रांगांच्या कडेने माझ्यापर्यंत आले आणि वाकले. त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता.

“किती झाले?”

“आठ बारा.”

“थांबव तिला.”

मी घड्याळावरची नजर काढली आणि त्यांच्याकडे बघितलं. माझा आवाज कापत होता, कारण मी आकडा वाचत नव्हते.

“मी थांबवणार नाही, सर. त्या खोलीत तुम्ही जे केलंत ते मला पटलेलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता सांगते.”

आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या. सर सरळ झाले. त्यांनी पुढे टेबलाकडे बघितलं, बहुतेक लाल कार्ड शोधत असावेत. ते ताईंच्या कमरेला होतं. ताई बोलतच होत्या, आणि काट्यावरचा आकडा पाच ग्रॅमने कमी झाला होता.